मिठाच्या कणकेतला ठसा

पहिली लाथ अंड्यांच्या ट्रेंना बसली.

पुठ्ठ्याचे ते ट्रे अश्लेषाने दोन महिने जपून ठेवले होते. त्यातली एकेक वाटी कापून, पालथी करून, लाल रंगवून ऋचा ख्रिसमसच्या घंटा करत होती. एकवीस झाल्या होत्या. लाथेसरशी त्या हॉलभर उडाल्या आणि ओल्या रंगाचे ठिपके भिंतीवर उठले.

"घर आहे की उकिरडा?" मंदारने विचारलं.

तो ओरडला नाही. बोटीच्या इंजिनरूममध्ये बारा वर्षं ओरडून बोलल्यामुळे की काय, घरी त्याचा आवाज कायम खाली असायचा. माहीत नसलेल्याला वाटावं, माणूस किती शांत.

"शनिवारचं सामान आहे," अश्लेषा म्हणाली. "ऋचाच्या शाळेत मुलांकडून करून घ्यायचंय, घरातल्याच वस्तूंपासून. मी सांगितलं होतं तुला."

"संडासातल्या पेपरच्या नळ्या. चोखलेल्या आइस्क्रीमच्या काड्या." त्याने एक नळी उचलली. तिला कापसाची दाढी लावलेली होती. ती त्याने मुठीत चुरगळली. "चार महिने तेलात लडबडून आलो, ते ह्या कचऱ्यात बसायला?"

"बाबा, दॅट वन माय सँटा ला!" ऋचा उठली आणि त्याच्या मुठीकडे हात पुढे करून गेली. ती चार वर्षांची होती.

अश्लेषाचं लक्ष मुठीकडे नव्हतं, अंगठ्याकडे होतं. मंदारच्या उजव्या तर्जनीत पुष्कराजाची अंगठी होती. पहिल्या बोटीवर निघताना त्याच्या आईने रत्नागिरीच्या ज्योतिषाला विचारून ती घातली होती, आणि बोटातून कधी काढायची नाही अशी शपथही. बारा वर्षांत त्याने ती काढली नव्हती. इंजिनरूममध्ये अंगठी चालत नाही, तर हा वरून चिकटपट्टी गुंडाळून काम करायचा. खडा चौकोनी, चार नख्यांत बसवलेला. बोटाच्या सांध्यावरून अंगठी निघत नसे, पण बुडाशी ती सैल होती. अंगठ्याने ढकलली की खडा तळहाताच्या बाजूला यायचा. राग आला की त्याचा अंगठा हे आपोआप करायचा. खडा आत गेला की एक ते तीन सेकंदांत हात उठायचा. अश्लेषाने ते मोजलं होतं. लग्नाआधी पाच वर्षं पुण्याच्या एका कॉलेजात तिने फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेतली होती. मोजायची सवय मार खातानाही सुटत नाही.

खडा आत फिरला. ती मध्ये धावली, पण एक पाऊल कमी पडलं.

हात आपल्यासाठीच होता, चुकून ऋचाला लागला, असं स्वतःला सांगायची सोय तिला राहिली नाही. तो हात खाली आला होता, चार वर्षांच्या पोरीच्या उंचीवर. दंडावर बसलेल्या त्या फटक्याने ऋचा फिरली आणि घंटांच्या पसाऱ्यात बसकण मारून पडली. तिचं तोंड उघडं राहिलं. आवाज यायला बराच वेळ लागला.

अश्लेषा त्याच्या अंगावर गेली. त्याने तिला नुसतं बाजूला केलं, आणि ती पडल्यावर बरगडीत एक लाथ घातली. आत काहीतरी कट्‌कन वाजलं.

"भिंत पुसून घे," मंदार म्हणाला. "भाड्याचं घर आहे."

आणि त्याने टीव्हीवर क्रिकेट लावलं.

त्याआधी त्याने ऋचाला कधी हात लावला नव्हता. अश्लेषाने सहा वर्षं ज्या एका गोष्टीच्या आधारावर काढली होती, ती त्या सोमवारी संध्याकाळी सव्वासहाला संपली.

ऋचाची शाळा सिंगापूरच्या बेडोक भागातच होती, त्यांच्या घरापलीकडच्या ब्लॉकच्या तळमजल्याला. मुलं दुपारी झोपून उठली की तिथे त्यांना आंघोळ घालतात. मंगळवारी चार वाजता अश्लेषा आणायला गेली तेव्हा टीचर हुई मिन दारातच उभ्या होत्या.

"ऋचा मम्मी," त्या म्हणाल्या. तिथे आयांना मुलांच्याच नावाने हाक मारायची पद्धत. "हर आर्म. काय झालं?"

"पलंगाच्या कोपऱ्यावर पडली."

हुई मिन चाळिशीच्या, बारीक, चष्म्यातून सरळ बघणाऱ्या. "पलंगाला बोटं असतात?" त्यांनी विचारलं.

अश्लेषाने ऋचाची बाही खाली ओढली.

"मी वहीत लिहिलंय, पट्टी लावून फोटोही काढलाय. पुन्हा दिसलं तर मला वर कळवावं लागेल. पण तुम्ही स्वतः सांगितलंत तर जास्त चांगलं."

घरी आल्यावर अश्लेषाने मंदारला ते जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, घाबरेल. मंदार सफरचंद कापत होता. त्याने एक फोड तिच्याकडे धरली.

"सांग ना त्यांना. मी पण सांगेन. वर्षातले आठ महिने मी समुद्रावर असतो. पोरीजवळ कोण असतं? तू. हात कुणाचा, ते त्या डागावर लिहिलंय का?" त्याने फोड स्वतःच खाल्ली. "आणि ऐक. वीस तारखेला मी ऋचाला रत्नागिरीला नेतोय. आईकडे राहील. तिचं तिकीट काढलं. तुझं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे शाळा तिथेच. आणि तुझा इथे राहायचा पास माझ्या नोकरीवर आहे. मी एक मेल केली की तुझं सिंगापूर संपलं. पासपोर्ट शोधू नकोस, माझ्या कुलूप लावलेल्या बॅगेत आहेत." सुरीचं टोक त्याने तिच्या हनुवटीखाली टेकवलं, अगदी हलकेच, जसं फोड टोचून उचलावी. "फार हुशार झालीस तर आधी दात मोजायला लागतील तुला."

नऊ डिसेंबर होता. वीसला अकरा दिवस होते.

तो अंघोळीला गेल्यावर अश्लेषाने ऋचाची बाही वर केली. बोटांचे चार पट्टे होते. पहिल्या पट्ट्याच्या बुडाशी एक चौकोन होता, गर्द जांभळा, आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठिपके. तिने ऋचाची प्लास्टिकची पट्टी आणली. बारा मिलिमीटर बाय दहा. मग स्वतःच्या नाइटीचा गळा खाली ओढून आरशात पाहिलं. गळपट्टीच्या हाडाखाली गेल्या आठवड्यातला डाग पिवळा पडत आला होता. तोही बारा बाय दहा.

हात कुणाचा ते लिहिलेलं होतं. वाचणारा मात्र कुणी नव्हता. अंगठी दाखवली तर कुणीही म्हणेल, खडा बोटाच्या वरच्या बाजूला असतो, थप्पड आतल्या बाजूने लागते. तो खडा कधी, कसा आत फिरतो, हे जगात दोघीच जणी जाणत होत्या, आणि त्यातली एक चार वर्षांची होती. अश्लेषाने सांगितलं तर तो शब्दाला शब्द. त्यात मंदारचा शब्द गोड. मंडळाच्या गणपतीत तो तबला वाजवायचा, म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलायचा. वरच्या मजल्यावरच्या प्रेमाताईंना तिने एकदा अर्धंमुर्धं सांगून पाहिलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "अगं, बोटीवरची माणसं, कोंडलेली असतात चार-चार महिने. घे थोडं सांभाळून."

बुधवारी दुपारी ती चांदण्यांसाठी मिठाची कणीक मळत होती. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण वाटी पाणी. ही कणीक खायची नसते. हिचे आकार कापून मंद आचेवर तीन तास वाळवले की दगडासारखे होतात. श्वास घेताना बरगडी दुखत होती म्हणून ती थांबून थांबून मळत होती. मंदार पाणी प्यायला आला. त्याने गोळ्याचा तुकडा तोडून तोंडात टाकला आणि सिंकमध्ये थुंकला.

"पोळ्यांना एवढं मीठ?"

"पोळ्यांची नाहीये. मुलांसाठी—"

"मग मुलांना काय घालतेस ते तूही खा."

त्याने तिची मान मागून धरली आणि तोंड परातीत दाबलं. नाकात, तोंडात मीठ आणि पीठ गेलं. डोळ्यांची आग झाली. मानेवरचा हात हलेना. तिने दोन्ही हातांनी ओटा धरला, परात, मग हवा. पाय फरशीवर घसरत होते. मनात ती आकडे मोजत होती, कारण दुसरं काही हातात नव्हतं. सव्वीसला त्याने सोडलं. ती खाली बसून ओकली. तो पाण्याची बाटली घेऊन निघून गेला.

डोळे धुऊन ती परत ओट्याशी आली तेव्हा परातीत तिचा चेहरा होता.

नाक होतं, उघडे ओठ होते, मिटलेली पापणी होती. मंगळसूत्राच्या वाट्यांची कड होती. तिने वाकून जवळून पाहिलं. पापणीच्या केसांच्या रेघासुद्धा वेगवेगळ्या मोजता येत होत्या. बारीक मीठ वापरल्याने, पाणी पाऊण वाटीच घातल्याने, कणकेने काही सोडलं नव्हतं. ती कितीतरी वेळ पाहत राहिली. मग तिने गोळा पुन्हा मळून टाकला, हात पुसले आणि हुई मिनना फोन केला.

"टीचर, शनिवारच्या यादीत एक वाढवायचंय. कुटुंबाचे हात. मिठाच्या कणकेत आईचा, बाबांचा आणि मुलाचा पंजा. खूप सोपं आहे. फक्त बाबांना यायला सांगाल? सगळ्यांच्याच बाबांना. चिठ्ठी पाठवा शाळेकडून."

"गुड आयडिया ला," हुई मिन म्हणाल्या. मग थोडं थांबून, "ऋचाचे डॅडी येतील?"

"शाळेने बोलावलं तर येतील. लोकांत त्यांना आवडतं."

"ओके."

"आणि प्रत्येक हाताचा फोटो तुम्ही काढा. शेजारी पट्टी ठेवून. वाळल्यावर कणीक आकसते. पुढच्या वर्षी हात किती वाढला, ते ओल्या मापावरूनच कळेल."

"यू आर व्हेरी सायंटिफिक, ऋचा मम्मी."

शनिवारी सकाळी दहाला व्हॉइड डेकवर, म्हणजे शाळेच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, लांब टेबलं मांडली होती. नऊ मुलं, सतरा पालक. मंदार आला तो सगळ्यांसाठी कोपीच्या, म्हणजे तिथल्या कॉफीच्या, पिशव्या घेऊन. त्याने टेबलं सरकवली, एका आजोबांना खुर्ची दिली, मुलांच्या इवल्याशा स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन बसला. सगळे हसले. प्रेमाताई आपल्या मुलाला, रोहनला, घेऊन आल्या होत्या. त्या अश्लेषाच्या कानाशी म्हणाल्या, "असा नवरा आहे, आणि तू रडत होतीस!"

पहिला तास घंटा, कापसाच्या दाढ्या आणि काड्यांच्या झाडांत गेला. अश्लेषाने उरलेल्या घंटा पुन्हा रंगवून आणल्या होत्या. चेमटलेल्या तिने मागच्या बाजूला ओवल्या. मग तिने कणकेच्या जाड थाळ्या प्रत्येकासमोर ठेवल्या. मुलांनी हात दाबले, किंचाळली, पुन्हा दाबले. हुई मिन पट्टी ठेवून फोटो काढत पुढे सरकत होत्या. ऋचाने आपला हात उमटवला, शेजारी अश्लेषाने आपला.

"आता बाबा."

मंदारने हात ठेवला आणि उचलला. स्वच्छ पंजा उमटला. तर्जनीवर अंगठीच्या कड्याची बारीक रेघ होती, बस. खडा वर होता, दिवाळीच्या पणतीसारखा चमकत.

हे तिला आधीच ठाऊक होतं. शांत मंदारचा ठसा काहीच सांगणार नव्हता. तिला तो रागावलेला हवा होता. आणि इथे झालेल्या अपमानाची वसुली घरी किती होईल, तेही ती जाणून होती. त्याने सुरी जिथे टेकवली होती ती जागा अजून हुळहुळत होती. तिने थाळी उचलली आणि पुन्हा लाटून सपाट केली.

"नाही जमलं," ती मोठ्याने म्हणाली. आधी मराठीत, मग इंग्रजीत. "पुन्हा कर."

"चांगला आलाय की."

"कडा फाटल्यात. ऋचाला एका फटक्यात जमलं. तुला नाही जमलं?"

दोन-तीन जण हसले. मंदारही हसला. त्याने पुन्हा हात दाबला. खडा वरच.

"अरे, हे पण गेलं." तिने थाळी पुन्हा लाटली. लाटणं तिने हाताशीच ठेवलं. "ही तिसरी वेळ हं. आणि म्हणे चीफ इंजिनिअर! बोट कशी चालवतोस रे? का खलाशीच चालवतात, आणि तू नुसता मिरवतोस?"

सहा वर्षांत ती त्याच्याशी असं कधी बोलली नव्हती. बाकीच्यांना ते नवराबायकोचं लाडिक भांडण वाटलं. प्रेमाताईंना तर चेव आला. "भावजी, राहू द्या. आमच्या रोहनला विचारा, तो शिकवेल!" रोहन म्हणाला, "अंकल, यू प्रेस लाइक बेबी!" आणि सगळं टेबल खो-खो हसलं. एक मलय बाबा तर टाळ्या वाजवत म्हणाला, "ब्रदर, कान्ट मेक इट ला!"

मंदारच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. डोळे मात्र अश्लेषावर आले. ती त्याच्या डोळ्यांकडे बघत नव्हती. अंगठा हलला. बोटाच्या बुडाशी पोचला. पिवळा खडा सरकत सरकत बाजूने खाली गेला आणि दिसेनासा झाला.

एक.

"दाब आता," ती म्हणाली. "दम आहे का बघू."

दोन.

हात आला. तो कणकेवर आला, पण होता तिच्याचसाठी. थाळीखालचं टेबल दणाणलं, कोपीची पिशवी कलंडली, मुलं दचकली. तो तसाच भार देऊन ओणवा राहिला आणि तिला फक्त ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "घरी चल तू."

त्याने हात उचलला.

हुई मिन पट्टी घेऊन पुढे आल्या, ठसा फोनच्या चौकटीत घेतला, एक फोटो काढला, आणि तशाच थांबल्या. चार बोटांचे खोल पट्टे उमटले होते. तर्जनीच्या बुडाशी एक चौकोन होता आणि चौकोनाच्या कोपऱ्यांवर चार ठिपके.

त्यांनी दुसरा फोटो काढला. मग वर न बघता विचारलं, "ऋचा मम्मी, हा कुणाचा हात?"

अश्लेषाने ठरवलेलं वेगळं होतं. कार्यक्रम संपल्यावर, मंदार खुर्च्या रचत असताना, हुई मिनना खोलीत नेऊन सांगायचं. तिथूनच ऋचाला घेऊन पोलिसांत जायचं. पण ऋचा स्टुलावर चढली होती. तिने ठशाकडे पाहिलं, फ्रॉकची बाही खांद्यापर्यंत ओढली आणि आपला दंड थाळीच्या शेजारी आणून ठेवला.

"सेम सेम," ती म्हणाली.

पाच दिवसांत डाग हिरवट झाला होता, पण चौकोन तसाच होता. प्रेमाताईंनी दंडाकडे पाहिलं, थाळीकडे पाहिलं, आणि त्यांच्या हातातली कापसाची पिशवी खाली पडली.

"माझ्या नवऱ्याचा," अश्लेषा इंग्रजीत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पलंगाचं मी खोटं सांगितलं होतं."

मंदारने आधी मूठ थाळीवर हाणली. एकदा, दोनदा, तीनदा. ठसा चिरडला, कणीक त्याच्या बोटांतून वर आली. मग त्याने डाव्या हाताने ती अंगठी ओढायला सुरुवात केली. बारा वर्षांत न काढलेली. ती बुडाशी गरगर फिरली, सांध्याशी येऊन अडकली. तो दात-ओठ खात ओढत होता, सांध्याची कातडी सोलून रक्त आलं, अंगठी निघेना.

"काढू नकोस," अश्लेषा म्हणाली. "आईची शपथ आहे ना?"

त्यावर तो टेबलावरून आला. स्टूल उडालं, काड्यांची झाडं मोडली. हुई मिननी ऋचाला कमरेत उचललं, "चिल्ड्रन, इनसाइड! नाऊ!" असं ओरडत नऊच्या नऊ मुलं वर्गात लोटली आणि आतून कडी घातली. काचेच्या दारावर नऊ तोंडं चिकटली, मग कुणीतरी पडदा ओढला.

पहिली थप्पड अश्लेषाला डाव्या गालावर बसली. तोंडात रक्ताची चव आली, मिठाच्या चवीत मिसळली. दुसरी कानावर. कानात शिट्टी वाजू लागली आणि बाकीचे आवाज दूर गेले. त्याने तिचे केस धरून डोकं टेबलाच्या कडेवर आणलं; तिने मध्ये हात घातला, आणि मनगट मोडल्याचं तिला दुखण्याआधी ऐकू आलं. त्याने लाटणं उचललं. तिने उरलेल्या हाताने त्याची तर्जनी धरली, अंगठीसकट, आणि सोडली नाही. तो हात झटकत होता, ती फरफटत होती. ही अंगठी इथेच राहिली पाहिजे, ह्याच बोटात, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

लाटणं खांद्यावर बसलं. पुन्हा उगारलं गेलं ते खाली आलं नाही. प्रेमाताई मागून त्याच्या दंडाला लटकल्या होत्या, साठ किलोंच्या पूर्ण वजनानिशी, आणि कर्कश ओरडत होत्या, "मेल्या, सोड! सोड तिला! मी सांभाळून घे म्हणाले रे हिला, मी!" त्यांनी त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. मघाशी टाळ्या वाजवणारा मलय बाबा आणि दुसरा एक जण त्याच्या पायांवर पडले. तो कोसळला. तरी तो लाथा मारत होता. एक त्या मलय बाबाच्या तोंडावर बसली आणि त्याचा दात फरशीवर टणकन पडला. शेवटी चौघे त्याच्या पाठीवर बसले तेव्हा तो थांबला.

आणि मग, गाल फरशीला टेकलेला असताना, तो त्याच्या नेहमीच्या खालच्या आवाजात इंग्रजीत म्हणाला, "प्लीज. तुमचा गैरसमज होतोय. माझी बायको आजारी आहे. तीच मुलीला मारते."

पाठीवरचं कुणी उठलं नाही.

हुई मिननी वर्गातून फोन केला होता; पोलीस अकरा मिनिटांत आले. दोघे होते. त्यातल्या तरुण पोलिसाने आधी मंदारचंच ऐकून घेतलं, कारण तोच सुसंबद्ध बोलत होता. मी आठ महिने समुद्रावर असतो, तो म्हणाला, तारखा तपासा. डागावर काही कुणाचं नाव नसतं, तो म्हणाला.

हुई मिन वर्गातून बाहेर आल्या. त्यांनी फोन पोलिसाच्या हातात दिला. "हा दंडाचा, मंगळवारचा, माझ्या वहीतल्या नोंदीसोबतचा. हा आजचा, अकरा वाजून बत्तीस मिनिटांचा. दोन्हींत पट्टी आहे." मग त्यांनी अश्लेषाची हनुवटी हलकेच धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. गाल सुजून वर आला होता. "आणि हा आम्ही सगळ्यांनी पाहिला, उमटताना."

तरुण पोलिसाने फोटो बोटांनी मोठा केला. गालाकडे पाहिलं. मग वाकून मंदारचा बेडी घातलेला हात उलटा केला. मुठीत कणीक वाळत होती. खडा अजून आतल्याच बाजूला होता.

"सर," तो म्हणाला, "अंगठी इथे काढू नका. स्टेशनवर आम्ही काढू."

"ती निघत नाही," मंदार म्हणाला.

"कापू," पोलीस म्हणाला.

हॉस्पिटलात मनगटाला प्लास्टर बसलं, बरगडी सोमवारचीच मोडलेली निघाली, कानाच्या पडद्याला भोक. काय झालं, असं नर्सने विचारलं तेव्हा अश्लेषाने पहिल्यांदा बाथरूम, पलंग, कपाटाचं दार यांतलं काही सांगितलं नाही. नर्स फूटपट्टीने गालावरचा डाग मोजत होती. आकडा बोलायच्या आधीच अश्लेषा म्हणाली, "बारा बाय दहा."

चारच्या सुमाराला प्रेमाताई ऋचाला घेऊन आल्या. त्यांच्या पर्समध्ये दोन पासपोर्ट होते. पोलिसांना घेऊन त्या फ्लॅटवर जाऊन आल्या होत्या. त्यांनी ते अश्लेषाच्या उशाखाली सरकवले आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. अश्लेषाला त्यांना काहीतरी म्हणावंसं वाटलं, पण जबडा दुखत होता.

ऋचाने कागदात गुंडाळलेलं पुडकं पलंगावर ठेवलं. हुई मिननी उरलेल्या थाळ्या शाळेच्या ओव्हनमध्ये तीन तास वाळवल्या होत्या. आत दोन हात होते, एक मोठा, एक लहान, दोन्हींना वर भोक पाडून लाल दोरा ओवलेला.

"मम्मा, बाबाचा हँड नाही आला."

"नाही. तो मोडला."

ऋचाने विचार केला. "कुणी मोडला?"

"त्यानेच."

ऋचाने आपला हात त्या लहान ठशात ठेवून पाहिला. बसेना, बोटं कडेवर चढत होती. तिने आणखी जोर लावला.

"दाबू नकोस," अश्लेषा म्हणाली. "वाळल्यावर आकसतो तो. तुझा हात आहे तेवढाच आहे."